दक्षिण अमेरिकेची क्रूझ आणि यलो फिव्हरची लस: आधी बुकिंग की आधी टोचणी?

पेणकर

जानेवारी अखेरीस ब्राझील-अर्जेंटिना क्रूझ ठरवतोय. मुंबई ते साओ पावलो विमान, दोन दिवस इग्वासूचे धबधबे, मग सांतोस बंदरातून २४ जानेवारीला जहाज. वाटेत रिओ, इल्या ग्रांदे, माँतेव्हिदेओ आणि ३१ला ब्युनोस आयरेसला उतरायचं. १ फेब्रुवारीला तिथूनच मुंबईचं विमान. माणसं पाच: आम्ही दोघं चाळिशीच्या आसपास, मुलगा ८ वर्षांचा, बाबा ६९, आई ६४. आईला संधिवात आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे. बाबांना रक्तदाबाची गोळी, बाकी ठणठणीत.

जहाज कंपनीच्या पानावर लिहिलंय की यलो फिव्हरची (पीतज्वराची) लस 'सक्तीची नाही, प्रवाशाने खात्री करावी'. एजंट म्हणतो ब्राझील लसीचं कार्ड (प्रमाणपत्र) मागत नाही, परत येताना मुंबईत दाखवायला लागतं, निघायच्या आठवड्यात टोचून घ्या. अनामत भरली आहे. उरलेली रक्कम ९० दिवस आधी, म्हणजे २६ ऑक्टोबरपर्यंत भरायची आहे, त्यानंतर परतावा नाही.

प्रश्न: १) लस कधी घ्यायची? २) आईबाबांना चालेल का? ३) परतीचं तिकीट आदिस अबाबामार्गे बरंच स्वस्त मिळतंय, दुबईमार्गे महाग. फरक पडतो का? ४) कोविडचं प्रमाणपत्र अजून लागतं का? जुन्या पानांवर सगळीकडे 'पूर्ण लसीकरण आवश्यक' दिसतंय.

---

सुईदोरा

पेणकर, एजंटचं अर्धं बरोबर आहे, आणि गोची उरलेल्या अर्ध्यात आहे.

ब्राझील आणि अर्जेंटिना भारतातून थेट येणाऱ्याकडे यलो फिव्हरचं कार्ड मागत नाहीत. मागतो तो आपलाच देश. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, डेंग्यूवाला, आपल्या कुंड्या आणि पिंपांमध्ये मुबलक आहे आणि लोकसंख्या जवळजवळ पूर्ण बिनलसीची. २०१६ मध्ये अंगोलात साथ असताना तिथे काम करणारे ११ चिनी रुग्ण हा ताप घेऊन चीनमध्ये परतले होते, आशियात तो पोहोचल्याची ती पहिलीच नोंद. म्हणून आपला नियम कडक आहे: जोखमीच्या यादीतला देश सोडून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि वैध कार्ड नसेल, तर ६ दिवस पुरे होईपर्यंत विलगीकरण. फक्त ९ महिन्यांच्या आतल्या बाळांना सूट. 'आम्ही जहाजावरच होतो' ही सबब चालत नाही. तुम्ही ब्युनोस आयरेसहून १ तारखेला निघून २-३ तारखेला मुंबईत, म्हणजे थेट कचाट्यात.

आता कधी घ्यायची. कार्ड टोचल्यापासून १० दिवसांनी वैध होतं. ५ डिसेंबरला टोचलं तर १५ डिसेंबरपासून. 'परतायच्या आधी १० दिवस झाले की झालं' हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी आजाराच्या दृष्टीने चुकीचा आहे, कारण तुम्ही परतताना नव्हे, तिथे फिरताना डास चावून घेणार आहात. इग्वासूचा परिसर लसीची शिफारस असलेल्या भागात येतो. २०१६ ते २०१८ च्या साथीनंतर रिओ आणि साओ पावलो राज्यंही त्यात आली. तुमच्या मार्गावरच्या इल्या ग्रांदेचं तर खास नाव घ्यावं लागेल: २०१८ च्या सुरुवातीला ब्राझीलमध्ये यलो फिव्हर झालेल्या १० परदेशी प्रवाशांपैकी ८ जण त्या बेटावर गेलेले होते, चौघे दगावले, आणि लस एकानेही घेतलेली नव्हती. जहाज तिथे फक्त दिवसभर थांबतं, पण जंगलात हा ताप पसरवणारा डास चावतोही दिवसाच.

शिवाय लसीचा त्रास, अंग मोडणं, किरकोळ ताप, हा बहुतेक वेळा पहिल्या दहा दिवसांत होतो. गंभीर दुष्परिणाम झालाच तर तोही साधारण याच काळात दिसतो. तो काळ विमानात किंवा समुद्रात काढायचा नाही. निघण्याच्या किमान चार आठवडे आधी टोचा, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत. मुलाला कांजिण्यांची किंवा एमएमआरची (गोवर-गालगुंड-रुबेला) मात्रा राहिली असेल तर ती त्याच दिवशी तरी द्या किंवा चार आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन जिवंत विषाणूंच्या लसी आठ-दहा दिवसांच्या फरकाने दिल्या की दुसरीचा परिणाम उणा पडू शकतो. पोलिओचे थेंब, टायफॉइड, हेपटायटिस ए, फ्लू यांना हे बंधन नाही.

आईंचं उत्तर वेगळं. ही जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, म्हणजे मेथोट्रेक्सेट, बायोलॉजिक औषधं, केमो, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज २० मिलिग्रॅम वा जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ती सहसा देत नाहीत. थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार), अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर मग नाहीच. 'लसीसाठी महिनाभर गोळी थांबवू' हा प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर करू नका. संधिवात उसळला तर धबधबा सोडा, जहाजाचा जिना चढवणार नाही. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाताच्या डॉक्टरांना) विचारा, आणि विचारताना सरळ मार्ग सांगा: इग्वासू, इल्या ग्रांदे, रिओ, कोणत्या तारखा.

बाबांना बंदी नाही, पण सावधगिरी आहे. शरीरातले अवयव निकामी करणारा गंभीर दुष्परिणाम एकंदर लाखात ०.३ डोसांना दिसतो, साठीपुढे तो १.२ पर्यंत जातो आणि सत्तरीपुढे आणखी. बहुतेक सगळी प्रकरणं आयुष्यातल्या पहिल्याच डोसाची. आकडा छोटा आहे, पण निर्णय फिजिशियनने त्यांना समोर बसवून घ्यावा. केंद्रावरही ६० वर्षांपुढच्या माणसाकडे बहुधा डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र मागतात, ते नसलं की हेलपाटा.

थोडक्यात क्रम असा: डॉक्टरांची भेट सप्टेंबरमध्ये, आईंचा निर्णय २६ ऑक्टोबरच्या आत, मग उरलेले पैसे.

---

बेफिकीर_वर्धा

एवढं काय. वय जास्त असेल तर डॉक्टरचं 'लस देता येत नाही' असं पत्र घ्यायचं, झालं. आणि लस घेतलीच तर दर १० वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, त्यामुळे एका ट्रिपसाठी कशाला.

---

सुईदोरा

दहा वर्षांचं जुनं झालं. ११ जुलै २०१६ पासून कार्ड आजन्म वैध आहे, त्याआधी टोचलेल्यांचंही. कार्डावर जुनी दहा वर्षांची तारीख छापलेली असली तरी ते चालतं. नव्या कार्डावर 'आजन्म' अशा अर्थाची नोंद असते. उलट आता कार्ड जपून ठेवायचं कारण वाढलंय.

सूटपत्राबद्दल: ते साध्या लेटरहेडवर नको. पिवळ्या पुस्तिकेत, म्हणजे याच कार्डात, वैद्यकीय कारणाने लस न देण्याचं स्वतंत्र पान असतं, त्यावर डॉक्टरांची सही-शिक्का आणि कारण, इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. तरीही ते पत्र म्हणजे विनंती असते. मान्य करायचं की विलगीकरणात ठेवायचं हे उतरल्यावर आरोग्य अधिकारी ठरवतात. आणि डासाला पत्र वाचता येत नाही, हा मुद्दा वेगळाच.

---

आगबोट

जहाजाच्या बाजूने थोडं.

'सक्तीची नाही, प्रवाशाने खात्री करावी' या वाक्याचा अर्थ 'लागत नाही' असा काढू नका. तिकिटाच्या अटींमध्ये आरोग्याचे कागद ही प्रवाशाची जबाबदारी असते. काही कंपन्या ठरावीक मार्गांना चढतानाच कार्ड तपासतात, आणि पुढच्या बंदराचा देश अचानक मागायला लागला तर निघायच्या काही आठवडे आधी ईमेल येते. ती ईमेल एजंटच्या पत्त्यावर जाऊन पडते, कारण बुकिंग त्याच्या नावाने झालेलं असतं. बुकिंगमध्ये स्वतःचा ईमेल आणि फोन टाकून घ्या. कागदाअभावी चढू दिलं नाही तर परतावा नाही, आणि बहुतेक प्रवास विमेही अशा वेळी हात वर करतात.

एक गल्लत फार होते, ती सोडवतो. दोन वेगळ्या याद्या आहेत. एक, लस कुठे घ्यावी याचा नकाशा, तो देशाच्या आतल्या भागांचा असतो. अर्जेंटिनात तो मुख्यतः ईशान्येकडच्या मिसियोनेस आणि कोर्रिएंतेसपुरता. दुसरी, प्रमाणपत्रासाठी जोखमीच्या देशांची यादी, ती अख्ख्या देशाची. म्हणून ब्युनोस आयरेस आणि उश्वाइयामार्गे अंटार्क्टिकाला जाणारे आपले लोक गोंधळतात. पेंग्विन बघून आलेल्या माणसाला यलो फिव्हरचं कार्ड कशाला, असं त्यांना वाटतं. पण प्रवास अर्जेंटिनातून झालेला असतो आणि मुंबईत तेच पाहतात. उरुग्वे आणि चिली या यादीत नाहीत. ब्राझील, अर्जेंटिना, कोलंबिया, पनामा, पेरू, इक्वेडोर आहेत.

पेणकरांच्या आईंसाठी माझ्या मते दोनच धड मार्ग आहेत. एक, सगळ्यांचाच मार्ग बदलायचा. भूमध्य समुद्र, अलास्का, सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझ, इथे हा प्रश्नच नाही. दुसरा, परतताना मध्ये थांबायचं: ब्युनोस आयरेसहून माद्रिद किंवा लिस्बन, तिथे ७ रात्री, मग मुंबई. जोखमीचा देश सोडून ६ दिवस उलटले की भारतातला प्रश्न उरत नाही. बोर्डिंग पास जपून ठेवायचे, तेच पुरावा. पण शेंगेन (युरोपचा) व्हिसा, सात रात्रींचा खर्च धरा. आणि यातून फक्त कागद सुटतो, चावण्याचा धोका नाही. ज्यांना लस देताच येत नाही त्यांनी इग्वासू आणि इल्या ग्रांदे गाळायला हवं. शहराचा किनारा आणि जहाज एवढ्यावर भागवायचं, पूर्ण बाह्यांचे कपडे, डीईईटी असलेलं डास पळवणारं मलम, सनस्क्रीन आधी आणि मलम त्यावर.

आता आदिस अबाबा. इथिओपिया स्वतः जोखमीच्या यादीत आहे. विमान बदलताना विमानतळाबाहेर पडला नाहीत तर सूट मिळू शकते, पण तीही अधिकाऱ्याने मान्य केली तर. चौघांकडे कार्ड असेल तर खुशाल स्वस्त तिकीट घ्या. आई बिनलसीच्या येणार असतील तर अजिबात नको. युरोपात सात रात्री काढून शेवटी आदिसमार्गे आलात तर मोजणी पुन्हा शून्यावर, पैसेही गेले. नैरोबीचंही तेच. काही विमान कंपन्या परतीच्या चेक-इनलाच कार्ड बघतात, म्हणजे वाद घालायला मुंबईचा अधिकारीही समोर नसतो.

कोविड: ते दिवस गेले. २०२१ मध्ये जहाजावर चढायला पूर्ण लसीकरण लागायचं आणि कोव्हॅक्सिन घेतलेले लोक तर ३ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता येईपर्यंत लटकलेले होते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने जहाजांसाठीचा कोविड कार्यक्रम १८ जुलै २०२२ ला बंद केला, त्यानंतर कंपन्यांनी अटी एकेक करत उतरवल्या. तुम्ही वाचताय ती पानं त्या काळातली आहेत. प्रमाणपत्राची पीडीएफ फोनमध्ये ठेवा, जागा खात नाही.

---

मोहोर

केंद्राबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. ही लस गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन उपयोग नाही, कार्ड केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्राचंच चालतं. मुंबईत बंदराचं आणि विमानतळाचं आरोग्य कार्यालय, गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय, शिवाय काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं. चालू यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते, तीच बघा. फॉरवर्ड होत आलेल्या यादीत बंद पडलेले फोन नंबर असतात.

वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका. लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते, एका कुपीत अनेक डोस. एकदा द्रव मिसळला की ६ तासांत संपवायची, उरलेली फेकायची. म्हणून केंद्रं ठरावीक वारी, ठरावीक संख्येने माणसं बोलावतात आणि साठा संपला की तारीख पुढे जाते. जगात ही लस जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वमान्यतेने बनवणारे उत्पादक चारच आहेत: फ्रान्स, ब्राझील, सेनेगल आणि रशियात. कुठे मोठी साथ उसळली की सगळीकडे चणचण. २०१६ मध्ये किन्शासात तर पुरवठा पुरेना म्हणून पंचमांश डोस द्यावा लागला होता. तसा डोस साथीपुरता ठीक, पण आंतरराष्ट्रीय कार्डासाठी धरत नाहीत. पाच जणांपैकी चौघांना एकाच दिवसाची वेळ हवी असेल तर ऑक्टोबरमध्येच नोंदवा, डिसेंबरची वाट पाहू नका.

सोबत मूळ पासपोर्ट, त्याची प्रत, चालू औषधांची चिठ्ठी, बाबांचं पत्र. उपाशीपोटी जाऊ नका. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. पुढचे चार आठवडे रक्तदान नाही.

कार्ड हातात पडल्यावर खिडकी सोडण्याआधी तपासा, कारण नंतर दुरुस्ती म्हणजे खाडाखोड आणि खाडाखोड म्हणजे बाद: नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, टोचल्याची तारीख (महिना आकड्यात नको, अक्षरात), लसीचा उत्पादक आणि बॅच क्रमांक, देणाऱ्याची हाताची सही आणि केंद्राचा शिक्का. नुसता शिक्का पुरत नाही. खाली तुमची सही, मुलाच्या कार्डावर पालकाची. प्रत्येकाचं कार्ड वेगळं. लॅमिनेट करू नका, पुढच्या नोंदींची पानं त्यातच असतात.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे आलेल्या आईवडिलांना घेऊन फ्लोरिडाहून पनामा कालव्याची क्रूझ करणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी.

कार्ताहेना कोलंबियात, कोलोन पनामात. दोन्ही देश भारताच्या यादीत. पनामाचा धोक्याचा भाग फक्त कालव्याच्या पूर्वेचा मुख्य भूभाग आहे, कालव्याचा पट्टा त्यात नाही, पण आगबोट म्हणतात तसं प्रमाणपत्रासाठी देश मोजतात. क्रूझ संपल्यावर आईबाबा अमेरिकेत आठवडाभर तरी राहणार असतील तर भारतात उतरताना अडचण नाही. क्रूझच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचं परतीचं विमान असेल तर आहे. तिकिटाची तारीख चार-पाच दिवसांनी पुढे ढकलणं हा लसीपेक्षा स्वस्त उपाय आहे, विशेषतः सत्तरीच्या माणसांना.

पण भारताचं सुटलं तरी मधली बंदरं बघा. कोस्टा रिका जोखमीच्या देशातून येणाऱ्याकडे कार्ड मागतो, आणि कार्ताहेनानंतर पुंतो लिमोन असा क्रम असेल तर प्रश्न येतो. एप्रिल २०२५ मध्ये कोलंबियाने यलो फिव्हरमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर केल्यापासून या भागातले नियम हलते आहेत. अंतिम रक्कम भरताना एकदा आणि निघण्याच्या महिनाभर आधी एकदा, असं दोनदा कंपनीला लेखी विचारा. फोनवरचं उत्तर धरू नका.

अमेरिकेत ही लस फक्त नोंदणीकृत प्रवास-लसीकरण क्लिनिकमध्ये, काही शे डॉलर, आणि विमा सहसा देत नाही. २०१७ पासून २०२१ पर्यंत इथली नेहमीची लस बाजारातूनच गायब होती, फ्रान्समधली दुसरी लस मोजक्याच क्लिनिकांत मिळायची आणि लोक तीन-तीन तास गाडी चालवत जायचे. भारतातून निघायच्या आधी घेणं सगळ्यात सोपं.

---

आगबोट

आफ्रिकेचं एक राहिलं. मोंबासा, झांझिबार, मादागास्कर, सेशेल्स या मार्गाला मोंबासा पहिलं बंदर असतं. केनिया यादीत आहे, त्यामुळे झांझिबारला उतरताना टांझानिया कार्ड मागतो, सेशेल्सही. इथे पहिल्याच आठवड्यात कार्ड लागतं, परतताना नव्हे.

आणि जहाज स्वतःच मुंबई, मुरगाव किंवा कोचीला येणार असेल तर नियम निराळा: भारतात पोहोचण्याआधीच्या ३० दिवसांत जहाज जोखमीच्या बंदराला लागलं असेल आणि त्याचं रीतसर कीटकनाशन झालेलं नसेल, तर बिनकार्डाच्या प्रवाशांना अडवता येतं. इथे ६ नव्हे, ३० दिवस. जागतिक क्रूझचा तुकडा विकत घेणाऱ्यांनी मागची बंदरंही बघावी, फक्त आपण चढतो तिथपासून नाही.

---

पेणकर

सगळ्यांचे आभार. आईच्या डॉक्टरांनी लस नको म्हणून स्पष्ट सांगितलं. बाबांना फिजिशियनने हिरवा कंदील दिला, पण आईशिवाय ते जाणार नाहीत. म्हणून इग्वासू रद्द. जहाज तेच. इल्या ग्रांदेला आईबाबा जहाजावरच थांबतील. परत येताना आम्ही तिघे थेट दुबईमार्गे, आईबाबा लिस्बनला मावसभावाकडे ८ रात्री थांबून पुढे दुबईमार्गेच मुंबईला. चौघांच्या टोचणीची वेळ १२ नोव्हेंबरची मिळाली. मग बाबांनी लस घ्यायचीच का, की तेही युरोपमार्गे येणारच आहेत म्हणून सोडायची? आणि फ्लूची लस त्याच दिवशी चालेल ना?

---

सुईदोरा

फ्लूची त्याच दिवशी, दुसऱ्या दंडात. तीन-चार हजार माणसं एका जहाजात असतात, तीही हवीच, आईंनाही. फक्त नाकात फवारायची जिवंत लस आईंना नको, टोचायची द्या. हेपटायटिस ए आणि टायफॉइड झाली नसेल तर विचारा. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर लस नाही आणि सॅनिटायझर त्याच्यापुढे लंगडा पडतो. जेवणाआधी साबणाने हात धुवायचे.

बाबांचं: रिओला उतरून फिरणार असतील तर घ्यावी, फिजिशियनने हो म्हटलंच आहे. ते दोघंही जहाजावर आणि माँतेव्हिदेओ, ब्युनोस आयरेस एवढंच करणार असतील तर फायदा कमी, वयाची जोखीम तीच. हाच प्रश्न या शब्दांत त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

---

मोहोर

कार्ड हातातल्या बॅगेत. सांतोसला मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमाल घेतात आणि केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. बऱ्याच जहाजांवर पासपोर्टही जमा करून घेतात, त्याच्या पाकिटात कार्ड ठेवून देऊ नका. आणि मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, मध्ये बदलला तर कार्डावर जुना क्रमांक राहतो. जुना पासपोर्ट सोबत ठेवा.